मूनलाइटच्या पलीकडे: अभिजात काळातले राहून गेलेले पियानो सोनाटा रेकॉर्डवर कसे ऐकावेत? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोनाटा म्हणजे, इथे, एकट्या पियानोसाठी लिहिलेली दोन-चार भागांची रचना. बेथोवनचा 'मूनलाइट' आणि तुर्की ढंगाचा शेवट असलेला मोझार्टचा सोनाटा बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. ज्या साठ-सत्तर वर्षांत हे दोन लिहिले गेले, त्याच काळात आणखी शेकडो सोनाटा लिहिले गेले. त्यांतले कितीतरी आज उत्तम ध्वनिमुद्रणात मिळतात, आणि तरी कुणी ते लावत नाही. त्यांच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची ही उत्तरं. आवडीनिवडी अर्थातच लिहिणाऱ्याच्या आहेत.

हा काळ नेमका कोणता?

ढोबळमानाने १७५० ते १८२०. एका टोकाला बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल, दुसऱ्या टोकाला बेथोवन आणि हुमेल. मधे हेडन, मोझार्ट, क्लेमेंटी, डुसेक. शोपँ आणि लिस्ट हे यांच्या नंतर आले. याच काळात हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कळवाद्य) मागे पडला आणि पियानो घराघरांत आला. म्हणजे व्हिएन्ना-लंडनच्या खात्यापित्या घरांत.

दुर्लक्षित आहेत त्याअर्थी फारसे चांगले नसतीलच ना?

काही खरंच सामान्य आहेत. त्या काळी प्रकाशकांना दर हंगामात नवा माल लागायचा आणि तो पुरवणारे पुष्कळ होते. पण चांगले सोनाटा मागे पडले त्याचं कारण वेगळं आहे. ते सभागृहासाठी लिहिलेलेच नव्हते.

हेडनचं उदाहरण घ्या. १७८० साली व्हिएन्नाच्या आर्टारिया कंपनीने त्याचे सहा सोनाटा छापले, ते काटारिना आणि मारियाना आउएनब्रुगर या दोन बहिणींना अर्पण केलेले. त्यांचे वडील लेओपोल्ड आउएनब्रुगर म्हणजे छातीवर बोटांनी ठोकून आतल्या आजाराचा अंदाज घेण्याची पद्धत शोधणारे डॉक्टर. आपले डॉक्टर आजही तसंच ठोकून बघतात. या बहिणींची पसंती आपल्याला सगळ्यात महत्त्वाची वाटते, असं हेडनने प्रकाशकाला कळवलं होतं. १७८४चे तीन सोनाटा तरुण राजकन्या मारी एस्टरहाझीसाठी. १७९०चा ई-फ्लॅट सोनाटा मारियाना फॉन गेन्झिंगरसाठी. तिचा नवराही डॉक्टर. त्यातल्या संथ भागात एक हात दुसऱ्यावरून ओलांडून न्यावा लागतो. आपल्याला याची सवय नाही, जरा सोपं करून द्याल का, असं तिने हेडनला लिहिलं होतं. ज्या संगीताबद्दल रचनाकार आणि वाजवणारी यांच्यात असा पत्रव्यवहार होतो, ते एका खोलीतलं, दोन-चार माणसांतलं संगीत असतं.

एकट्या पियानोवादकाने अख्खी संध्याकाळ मोठ्या सभागृहात वाजवायची ही रीत लिस्टने १८४०च्या सुमारास रुजवली, आणि तिला शेवटी टाळ्यांचा कडकडाट लागतो. हेडनचा सोनाटा पुष्कळदा भुवई उंचावून संपतो. त्यामुळे आजही कार्यक्रमात तो पहिला असतो, उशिरा येणारे खुर्च्या शोधत असताना. हजार माणसांच्या सभागृहात त्यातला अर्ध्या ठोक्याचा विराम शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, घरात पोचतो. म्हणून या सोनाटांसाठी रेकॉर्ड ही दुय्यम सोय आहे असं मला वाटत नाही. त्यांचं मूळचं ठिकाण घर होतं, आणि रेकॉर्डने ते त्यांना परत मिळवून दिलं.

एकच सोनाटा सांगा, सुरुवात करायला.

हेडन, सी मेजर (हे सोनाटाचं मूळ स्केल), होबोकेन १६/५० (हा यादीतला क्रमांक, त्याबद्दल पुढे). आल्फ्रेड ब्रेंडेलने फिलिप्ससाठी केलेलं ध्वनिमुद्रण.

हा सोनाटा हेडनने लंडनच्या दुसऱ्या मुक्कामात, १७९४-९५च्या सुमारास, थेरेसे यान्सेन या वादक बाईंसाठी लिहिला. ती क्लेमेंटीची शिष्या. १७९५ साली तिच्या लग्नात हेडन साक्षीदार होता. तिचा हात दमदार असणार हे रचनेवरूनच कळतं.

सुरुवात मात्र अगदी किरकोळ. साथ नसलेले काही सुटे, तुटक स्वर, मधे विश्रांती. एवढ्यावर काय उभं राहणार असं वाटतं, आणि तेवढ्यावरच आठ-नऊ मिनिटांचा भाग उभा राहतो. साधारण मध्यावर तेच स्वर खालच्या पट्टीत, अगदी हळू आवाजात येतात, आणि तिथे हेडनने 'पेडल उघडं ठेवा' अशी सूचना लिहिली आहे. सगळे स्वर एकमेकांत मिसळतात. आतापर्यंत लख्ख उजेडात दिसत असलेली गोष्ट धूसर होते. काही क्षणांनंतर पुन्हा सगळं कोरडं, स्वच्छ. पेडलची अशी सूचना हेडनने या सोनाटाखेरीज कुठे लिहिलेली नाही.

शेवटचा भाग जेमतेम अडीच मिनिटांचा आहे आणि तो सरळ सरळ चेष्टा आहे. धून निघते, रंगात येते आणि भलत्याच कॉर्डवर (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीवर) येऊन थांबते. शांतता. मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पहिल्यापासून. ब्रेंडेल तो चुकीचा कॉर्ड सांभाळून वगैरे वाजवत नाही, ठणकावून वाजवतो, आणि पुढची शांतता किती ताणायची हे त्याला अचूक कळतं. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास यंत्राकडे बघतो.

हेडनचे पुढचे कोणते?

सी मायनर, १६/२०. याच्या अपुऱ्या हस्तलिखितावर १७७१ साल आहे, छापला गेला १७८०च्या संचात. लागोपाठच्या स्वरांवर एकदा मोठा आवाज, एकदा हळू, अशा खुणा त्यात आहेत. हार्पसिकॉर्डवर हे जमत नाही. तिथे कळ कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच. हेडनच्या मनात दुसरं वाद्य होतं हे त्यातून दिसतं. गमती करणारा म्हातारा अशी हेडनची प्रतिमा मनात असेल तर आधी हा ऐका.

ई-फ्लॅट, १६/४९, म्हणजे गेन्झिंगरबाईंचा. व्लादिमिर होरोविट्झच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात याच सोनाटाने होते. १९८९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, न्यूयॉर्कच्या स्वतःच्या घरात त्याने तो वाजवला, आणि काम संपल्यावर चार दिवसांनी तो गेला. शहाऐंशी वर्षांचा माणूस इतकं हलकं वाजवू शकतो यावर विश्वास बसत नाही.

ई-फ्लॅटमधलाच १६/५२ सगळ्यांत भव्य. पहिला भाग ई-फ्लॅटमध्ये आणि दुसरा ई-मेजरमध्ये, म्हणजे फक्त अर्धा स्वर वर. त्या काळच्या कानाला ही उडी चांगलीच लांबची. दोन भागांमधली दोन सेकंदं नीट ऐका. नव्या भागाचा पहिला कॉर्ड पडला की खोलीतला उजेड बदलल्यासारखं होतं.

आणि छोट्यांमध्ये जी मेजर, १६/४०. दोनच भाग, बारा मिनिटांच्या आत खेळ खलास. चहा होईपर्यंत ऐकून होतो. ए मेजर १६/२६ मधला मिनुएट (एका दरबारी नाचाच्या ठेक्यावरचा भाग) शेवटाकडून सुरुवातीकडे उलटा वाजतो. हेडनने तो स्वतःच्या ४७व्या सिंफनीतून उचलला. गंमत म्हणून एकदा ऐका, पुन्हा नाही ऐकला तरी चालेल.

क्लेमेंटी म्हणजे मुलांच्या परीक्षेतला तोच ना?

तोच. मुंबई, पुणे, गोवा, कुठेही ट्रिनिटी किंवा असोसिएटेड बोर्डाच्या पियानो परीक्षा दिलेल्या माणसाला विचारा: क्लेमेंटी म्हटलं की त्याची बोटं आपोआप ओपस ३६चा (ओपस म्हणजे प्रकाशनाचा क्रमांक) पहिला सोनाटिना, म्हणजे छोटा सोनाटा, वाजवायला लागतात. १७९७ साली क्लेमेंटीने हे सहा सोनाटिना शिकणाऱ्यांसाठी लिहिले आणि त्यांनीच त्याचं नाव गिळलं.

माणूस मात्र अजब होता. जन्म रोममधला, १७५२चा. पीटर बेकफोर्ड नावाच्या इंग्रज श्रीमंताने पोराचं वाजवणं ऐकलं आणि बापाशी करार करून त्याला इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या आपल्या वाड्यावर नेलं. तिथे काही वर्षं मुलाने सराव एके सराव केला. पुढे लंडनमध्ये वादक, शिक्षक, संगीत प्रकाशक आणि पियानो बनवणारा कारखानदार. १८०७ साली व्हिएन्नात जाऊन त्याने बेथोवनशी प्रकाशनाचा करार केला. १८३२ साली वारला, पुरला वेस्टमिन्स्टर ॲबीत. संगीतातून इतका पैसा केलेला रचनाकार त्या काळात शोधूनही फारसा सापडत नाही.

सोनाटिनांच्या पलीकडचा क्लेमेंटी ऐकायचा तर तीन सोनाटा पुरेसे आहेत.

एफ-शार्प मायनर, ओपस २५ क्रमांक ५. पहिला भाग वेगवान म्हणावा तर नाही, संथ म्हणावा तर नाही. अडखळत, उसासे टाकत जातो. मधला भाग फार उदास आहे आणि त्यात एकही स्वर जास्तीचा नाही. शेवटच्या भागात जोडस्वरांची अशी धावपळ की वादकाच्या मनगटाची दया यावी.

जी मायनर, ओपस ३४ क्रमांक २. सुरुवातीला संथ, गंभीर प्रस्तावना. ती संपते, वेगवान भाग सुरू होतो, आणि आता प्रस्तावनेचं काम झालं असं आपण धरून चालतो. ऐन धावपळीच्या मध्यात तीच प्रस्तावना मेजर स्केलमध्ये परत येते. बेथोवनच्या 'पॅथेटिक' सोनाटामध्येही प्रस्तावना अशी मधेच परतते, ते लोकांना ठाऊक असतं. क्लेमेंटीचं कुणी सांगत नाही.

तिसरा ओपस ५० क्रमांक ३, १८२१चा, 'टाकून दिलेली डिडो' या नावाचा. हा शेवटी ऐका. लांब आहे, पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही.

ध्वनिमुद्रणांत होरोविट्झ आणि हॉवर्ड शेली ही दोन टोकं. होरोविट्झने १९५३ साली मंच सोडला तो बारा वर्षं. त्या काळात, १९५४ साली, घरच्याच पियानोवर त्याने आरसीएसाठी क्लेमेंटीचे तीन सोनाटा मुद्रित केले. वर सांगितलेले पहिले दोन त्यात आहेत. आवाज जुनाट, थोडा कोंडलेला. पण त्या रेकॉर्डनंतर क्लेमेंटीला नुसता मास्तर म्हणणं अवघड झालं. शेलीने हायपेरियनसाठी सगळे सोनाटा वाजवले, दोन-दोन सीडींचे सहा संच. होरोविट्झ प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढतो. शेली सरळ, नितळ वाजवतो. अनोळखी सोनाटांसाठी मी शेलीकडे जातो, एफ-शार्प मायनरसाठी होरोविट्झकडे.

मोझार्टने क्लेमेंटीला नावं ठेवली होती म्हणे?

हो. २४ डिसेंबर १७८१ रोजी व्हिएन्नात सम्राट जोसेफ दुसरा याने रशियाहून आलेल्या पाहुण्यांसमोर दोघांची जुगलबंदी लावली. पुढच्या महिन्यात वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोझार्टने क्लेमेंटीला निव्वळ यंत्र ठरवलं: हात चांगला, पण ना रस ना भावना. क्लेमेंटीने मात्र मोझार्टच्या वाजवण्याची आयुष्यभर तारीफच केली.

त्या दिवशी क्लेमेंटीने बी-फ्लॅट सोनाटा वाजवला होता, ओपस २४ क्रमांक २. त्याची सुरुवात ऐका आणि लगेच मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' ऑपेराचा ओव्हर्चर (पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत) लावा: धून जवळपास तीच. तो १७९१चा. क्लेमेंटीने नंतरच्या आवृत्तीत हा सोनाटा आपण १७८१ साली सम्राटासमोर, मोझार्ट हजर असताना वाजवल्याची नोंदच छापली. तक्रार अशीही करता येते.

डुसेक हे नाव पहिल्यांदाच ऐकतोय.

यान लाडिस्लाव डुसेक, बोहेमियातल्या चास्लाव गावचा, १७६० ते १८१२. मंचावर पियानो आडवा ठेवून प्रेक्षकांना आपली एक बाजू दिसेल असं बसण्याची पद्धत त्याने पाडली असं सांगतात. दिसायला देखणा होता, तेव्हा खरंही असेल. लंडनमध्ये सासऱ्याबरोबर काढलेली प्रकाशन कंपनी बुडाली आणि १७९९ साली हा बायको आणि कर्ज मागे टाकून पळाला.

पुढे प्रशियाचा राजपुत्र लुई फर्डिनांड याच्या पदरी राहिला. हा राजपुत्र स्वतः चांगला पियानो वाजवायचा. बेथोवनने आपला तिसरा पियानो कन्सर्टो त्यालाच अर्पण केला आहे. १० ऑक्टोबर १८०६ला तो झालफेल्डच्या लढाईत नेपोलियनच्या फौजेकडून मारला गेला. डुसेकने त्याच्यासाठी एफ-शार्प मायनरमध्ये सोनाटा लिहिला, ओपस ६१, विलापिका. दोनच भाग. दुसऱ्यात धून सतत ठोक्याच्या मागेमागे राहते, कुठेही ठोक्यावर नीट पाय टेकत नाही. शोपँ यायला अजून वीस-पंचवीस वर्षं होती, आणि इथे त्याची चाहूल लागते.

आंद्रेयास श्टायरने जुन्या ब्रॉडवुड पियानोवर वाजवलेला डुसेक मिळाला तर सोडू नका. इंग्रज बनावटीच्या त्या पियानोचा खालचा आवाज भरदार, धुरकट आहे, आणि डुसेकने तोच डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. डुसेकचं सगळंच या तोडीचं नाही. दिखाऊ पानंही भरपूर आहेत.

मोझार्ट आणि बेथोवनचं काही राहून गेलंय का?

मोझार्टचा के. २८२ (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), ई-फ्लॅट. पहिलाच भाग संथ, हे त्या काळी विरळा. आणि एफ मेजर, के. ५३३. त्याचे पहिले दोन भाग १७८८चे, तिसरा आधीच लिहिलेला रोंडो. मधल्या भागातले काही कॉर्ड इतके कडवट आहेत की मोझार्ट म्हणजे गोड असं समजणाऱ्याने तो जरूर ऐकावा.

बेथोवनचा ओपस ५४ बिचारा 'वाल्डस्टाइन' (ओपस ५३) आणि 'अपासिओनाटा' (ओपस ५७) यांच्या मधे सापडला. दोन भाग, बारा मिनिटं. पहिल्यात एका सभ्य मिनुएटवर दोन्ही हातांचे अष्टकस्वर धाडधाड येऊन आदळतात, आणि मिनुएट दरवेळी जरा अधिक नटून परत येतो. ओपस ७ मोठा, अर्ध्या तासाच्या आसपासचा. आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेलीने १९७१ साली डॉइश ग्रामोफोनसाठी अख्ख्या तबकडीवर हा एकच सोनाटा दिला. एवढ्या पैशांत एवढंच, म्हणून तेव्हा कुरकुर झाली. संथ भागातले विराम ऐकले की मला ती तबकडी भरलेलीच वाटते.

त्या काळात बायकांनी लिहिलेलं काही?

मारियाना आउएनब्रुगर, हेडनने सोनाटा अर्पण केलेल्या दोघींपैकी एक. ती संगीतकार सालिएरीची शिष्या. १७८२ साली तरुणपणीच गेली, आणि तिचा ई-फ्लॅट सोनाटा सालिएरीने तिच्यावर रचलेल्या शोकगीतासह छापला गेला. व्हिएन्नातल्याच मारियाना मार्टिनेसचे सोनाटाही मुद्रित झालेले आहेत. आणि पॅरिसची एलेन द मोंजरू: १७९५ साली तिथल्या नव्या कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक नेमली गेलेली. तिघींत माझी पसंती मोंजरूला; तिचे मायनरमधले सोनाटा चांगलेच अंगावर येतात.

मी आयुष्यभर ख्याल ऐकत आलोय. इथे धरून काय ठेवायचं?

मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. राग-तालाची सवय असलेल्या कानाला धून लगेच कळते, ठेका कळतो, आणि तरी आपण कुठे आहोत हे कळत नाही. कारण ख्यालात तंबोरा षड्ज धरून ठेवतो आणि गवय्या कितीही लांब गेला तरी तो तिथेच असतो. सोनाटात षड्जच जागा सोडतो.

पहिल्या भागात पहिली धून मूळ 'सा'वर असते. थोड्या वेळाने संगीत सरकतं आणि पंचमालाच 'सा' मानून नवी धून सुरू होते (मूळ स्केल मायनर असेल तर बहुधा कोमल गंधाराला). तिथे एक ठळक थांबा येतो आणि बहुतेक वेळा इथवरचं सगळं पुन्हा वाजवलं जातं. मग मधला प्रदेश, तिथे 'सा' सारखा बदलत राहतो, पायाखाली काहीच पक्कं नसतं. आणि मग पहिली धून मूळ 'सा'वर परत येते. यावेळी दुसरी धूनही तिथेच वाजते.

एवढं पुरे. प्रयोग करून बघा: सोनाटाचा मूळ 'सा' तंबोऱ्याच्या ॲपवर हळू आवाजात लावून ठेवा आणि पहिला भाग ऐका. कुठे खटकायला लागतं आणि कुठे पुन्हा जुळतं, एवढंच बघा. संगीताच्या शिक्षकांना हा प्रकार आवडणार नाही, पण कान तयार होतो. ४४० हर्ट्झच्या आधुनिक पियानोवरचं मुद्रण निवडा. जुन्या वाद्यांची पट्टी पुष्कळदा खाली असते, तिथे तंबोरा भलतीकडेच लागेल.

फोर्टेपियानो, म्हणजे त्या काळचा जुना पियानो, ऐकवत नाही. किनरा, कोरडा वाटतो. सहन करायलाच हवा का?

नाही. पण एकदा योग्य रेकॉर्डवर ऐकून मग ठरवा.

१७८०च्या व्हिएन्नातला पियानो पाच सप्तकांचा, सांगाडा लाकडी, छोट्या हातोड्यांवर चामडं. कळ दाबायला हलकी, स्वर पटकन उमटतो आणि पटकन विरतो. आजच्या मोठ्या पियानोत लोखंडी चौकट असते, हातोड्यांवर जाड नमदा असतो, आणि स्वर लांबतो. हेडन-मोझार्टच्या खालच्या पट्टीतले दाट कॉर्ड आजच्या पियानोवर गढूळ होतात, जुन्यावर सुटे ऐकू येतात. शिवाय पुष्कळदा गुडघ्याने दाबायची किंवा हाताने ओढायची एक दांडी असायची. ती लावली की हातोडे आणि तारा यांच्यामध्ये कापडाची पट्टी यायची आणि आवाज एकदम कुजबुजता व्हायचा. आजच्या मोठ्या पियानोवर हे नाही.

रोनाल्ड ब्राउटिगमने बिस कंपनीसाठी केलेला हेडनचा संपूर्ण संच यासाठी उत्तम. तो वाजवतो झपाट्याने, आणि वाद्य जुन्या नमुन्यावर नव्याने घडवलेलं असल्यामुळे खडखड, कुरकुर नाही. संग्रहालयातल्या मूळ वाद्यांवरची काही मुद्रणं ऐकून लोक पळून जातात, ते मी समजू शकतो.

ग्लेन गूल्डचा हेडन घ्यावा का?

घ्या, पण पहिला नको. १९८०-८१ साली, मृत्यूच्या थोडंसं आधी, त्याने शेवटचे सहा सोनाटा मुद्रित केले. प्रत्येक स्वर टाचणीने टोचल्यासारखा सुटा. हेडनचा विनोद त्यात जिवंत आहे, हळवेपणा नाही.

एकच सोनाटा दोन नावांनी का सापडतो?

कारण क्रमांक लावणारे अनेक. हेडनच्या सोनाटांना होबोकेन या अभ्यासकाचे क्रमांक आहेत (१६/१ ते १६/५२) आणि लँडन या दुसऱ्या अभ्यासकाचे आहेत (१ ते ६२). सीडीवर नुसतं 'सोनाटा क्र. ६०' असेल तर तो लँडनचा, म्हणजे होबोकेनचा ५०. क्लेमेंटीचं याहून वाईट: लंडन आणि युरोपातल्या प्रकाशकांनी आपापले ओपस क्रमांक घातले. एफ-शार्प मायनर कुठे २५/५, कुठे २६/२. डुसेकचा 'पॅरिसला परत' नावाचा ए-फ्लॅट सोनाटा लंडनमध्ये 'याच्याही पुढे' अशा अर्थाच्या लॅटिन नावाने छापला, कारण वोल्फ्ल नावाच्या पियानोवादकाने 'याच्यापुढे काही नाही' असा सोनाटा काढला होता. शोधताना क्रमांक सोडा, स्केल टाका: 'क्लेमेंटी, एफ-शार्प मायनर'.

संपूर्ण संच घेऊ की सुटे?

हेडनचे संपूर्ण संच बरेच आहेत: डेक्कावर जॉन मॅकेब, नॅक्सॉसवर येनो यांडो, बिसवर ब्राउटिगम. मॅकेब स्वतः रचनाकार होता आणि ते ऐकू येतं. कुठलीही जागा तो नुसती ओलांडून जात नाही. पण संच घेतला की माणूस पहिल्या सीडीपासून सुरू करतो, सुरुवातीचे विद्यार्थ्यांसाठीचे छोटे सोनाटा ऐकतो आणि तिसऱ्या सीडीवर कंटाळतो. शेवटून सुरुवात करा. किंवा मार्क-आंद्रे हॅमलिनचे हायपेरियनवरचे तीन दुहेरी संच घ्या; निवड चांगली आहे आणि बोटं अफाट. हायपेरियनची मुद्रणं २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हती, त्यामुळे पूर्वी शोधून सापडली नसतील तर आता पुन्हा बघा.

जुन्या एलपी घेताना काय बघावं?

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, तेव्हा आता चोरबाजार, रद्दीवाले आणि जुने संग्रह विकणारी घरं. पाश्चात्त्य अभिजातच्या तबकड्या अनेकदा ढिगाच्या तळाशी असतात आणि फारशा वाजलेल्याही नसतात. खरा शत्रू पावसाळा. कव्हर नाकाशी धरा. कुबट वास आला तर बुरशी आत गेली असं समजा. तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा. बारीक पांढुरके ठिपके धुऊन जातात, नखाला लागणारा चरा जात नाही.

पियानोच्या तबकडीला आणखी एक परीक्षा आहे. मधलं भोक केसभर बाजूला असेल तर स्वर दर फेरीला वरखाली होतो. ऑर्केस्ट्रात ते खपून जातं. पियानोच्या लांब स्वरावर लगेच कळतं, आणि एकदा कळलं की दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून दुकानात वाजवून बघायला मिळालं तर संथ भागावर सुई ठेवा.

हेडफोन की स्पीकर?

स्पीकर, आणि आवाज खोलीत खरा पियानो वाजतोय इतपतच. हेडफोनवर वादकाचा श्वास आणि खुर्चीची कुरकुर जवळून ऐकू येते.

मुलगी चौथ्या ग्रेडला आहे आणि तिला सोनाटा म्हणजे शिक्षा वाटते. काय ऐकवू?

हेडनचा डी मेजर, १६/३७. तिच्या पुस्तकात आज ना उद्या तो येणारच आहे, तेव्हा आधी ऐकलेला बरा. पहिला भाग उड्या मारत जातो. दुसरा डी मायनरमध्ये, जडशीळ, जेमतेम पानभर, आणि तो संपतच नाही; अर्ध्यावर थांबून थेट तिसऱ्यात शिरतो. त्या तिसऱ्यावर हेडनने 'निरागसपणे' अशी सूचना लिहिली आहे. मधल्या कुठल्या क्षणी हे घडतं ते तिलाच पकडायला सांगा.

फक्त त्याआधी फोनवरच्या ॲपची सेटिंग्ज बघा. दोन ट्रॅकच्या मधे विराम ठेवण्याची किंवा एकात दुसरा मिसळण्याची सोय चालू असेल तर बंद करा, नाहीतर नेमकी तीच जागा निसटेल. शफलही बंद.